झाड अंगणात, सावली गावाला. खर्च कोणी सोसावा?

रोहिणी नक्षत्र सरत आले आणि पश्चिमेकडून ढगांची ये-जा सुरू झाली, की मुळशी खोऱ्यातील घरांच्या डागडुजीची धांदल उडते. कौले शाकारली जातात, पन्हळी साफ होतात, गोठ्यावरचे पत्रे पुन्हा ठोकून बसविले जातात. याच दिवसांत घरमालकाची नजर अंगणातल्या जुन्या आंब्याकडे किंवा परसातल्या ऐनाकडे जाते. एक जाड फांदी घरावर ओणवी झालेली असते. बुंध्याशी एक ढोली पडलेली असते. गेल्या पावसाळ्यात मुळांजवळची माती थोडी वाहून गेलेली असते. हे झाड यंदाच्या वाऱ्यात उभे राहील की घरावर येईल, हा प्रश्न त्याला रात्री झोपू देत नाही. पुण्याहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, मुळशी जलाशयाच्या शेजारच्या माले या गावी हा प्रश्न जितका खरा आहे, तितकाच तो पुण्याच्या जुन्या पेठांत, मुंबईच्या उपनगरांत आणि कोकणातील वाड्यांत खरा आहे.

या प्रश्नाला सध्या दोनच उत्तरे उपलब्ध आहेत. एक, झाड तोडून टाकणे. दुसरे, देवावर भरवसा ठेवून स्वस्थ बसणे. या दोहोंच्या मधला जो मार्ग, म्हणजे जाणत्या माणसाकडून झाड तपासून घेणे, धोक्याची तेवढी फांदी शास्त्रशुद्ध रीतीने उतरविणे, मुळांना मोकळीक देणे आणि झाड खरोखरच वाचण्यासारखे नसेल तर ते कोणाच्या जिवाला अपाय न होता खाली घेणे, तो मार्ग आपल्याकडे जवळजवळ अस्तित्वातच नाही. तो का नाही आणि तो निर्माण करण्याचा खर्च कोणी उचलावा, याचा विचार भावनेपेक्षा हिशेबाने करण्याची वेळ आली आहे.

कायद्याची नजर लाकडावर

महाराष्ट्रात झाडांच्या तोडीवर नियंत्रण ठेवणारे दोन प्रमुख कायदे आहेत. ग्रामीण भागासाठी १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम आणि नागरी भागांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याविषयीचा अधिनियम. पहिल्या कायद्यात ‘झाड’ या शब्दाचा अर्थ सर्वसामान्य माणसाला वाटतो तसा नाही. अनुसूचीत ज्यांची नावे आहेत तीच झाडे या कायद्याच्या दृष्टीने झाडे होत. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी अशी ती यादी आहे. ती वाचताच तिच्यामागची दृष्टी ध्यानात येते. ज्याचे लाकूड, फळ, साल किंवा कात विकला जातो, ते झाड यादीत आहे. वड, पिंपळ आणि उंबर तिच्यात नाहीत. ज्यांच्या आधाराने शेकडो पक्षी जगतात, गावाचा पार ज्यांच्याखाली बसतो, ती झाडे बाजारात फारशी किंमत नसल्यामुळे या कायद्यालाही दिसली नाहीत.

१९७५ च्या कायद्याची दृष्टी अधिक व्यापक आहे. त्याने स्थानिक संस्थांत वृक्ष प्राधिकरणे स्थापन केली, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याचे बंधन घातले आणि ‘झाड तोडणे’ या संज्ञेत झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही समावेश केला. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतक्या संख्येने नवी रोपे लावण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. हे सर्व स्वागतार्हच आहे.

परंतु दोन्ही कायद्यांचा कणा एकच आहे आणि तो म्हणजे परवानगी. झाड तोडायचे असेल तर अर्ज करा. झाड मेलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा जीवितास अथवा मालमत्तेस धोकादायक असेल तर परवानगी नाकारली जाऊ नये, अशी तरतूदही त्यांत आहे. मात्र झाड धोकादायक आहे हे ठरवायचे कोणी, कोणत्या ज्ञानाच्या आधारे, आणि धोका तोडीशिवाय दूर करता येत असेल तर तो दूर करायचा कोणी व कोणाच्या खर्चाने, याविषयी कायदा फारसे काही सांगत नाही. कायद्याला झाडाची तोड समजते, निगा समजत नाही. माणसाच्या आरोग्याची सारी व्यवस्था केवळ मृत्यूच्या दाखल्यापुरती असती, तर जे चित्र दिसले असते, ते झाडांच्या बाबतीत आज दिसत आहे.

या उणिवेची किंमत काही वेळा माणसाच्या जिवाने मोजावी लागते. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड काढण्याची विनंती आधीच करण्यात आली होती व तपासणीनंतर ती अमान्य झाली होती, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. या घटनेवरून ‘झाडे तोडण्याची मोकळीक द्या’ असा निष्कर्ष काढणारे बरेच निघाले. वस्तुतः निष्कर्ष वेगळाच आहे. झाडाची तपासणी हे एक शास्त्र आहे, आणि ज्याच्या सहीने अर्ज मंजूर किंवा नामंजूर होतो, त्याच्यापाशी ते शास्त्र व त्याची साधने असली पाहिजेत.

लाभ सर्वांचा, भार एकट्याचा

अर्थशास्त्रात ‘बाह्य लाभ’ नावाची एक संकल्पना शिकविली जाते. एखाद्याच्या मालकीच्या वस्तूपासून जेव्हा मालकाखेरीज इतरांनाही फायदा होतो आणि त्या फायद्याचे मोल मालकाला मिळत नाही, तेव्हा अशा वस्तूचे उत्पादन व जतन समाजाला हवे असते त्यापेक्षा नेहमी कमी होते. अंगणातले मोठे झाड हे याचे उत्तम उदाहरण होय. त्याची सावली रस्त्यावर पडते, त्याची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्यास ते मदत करते. मुळशीसारख्या तीव्र उतारांच्या व अतिवृष्टीच्या प्रदेशात माती धरून ठेवणारे झाड हे केवळ शोभेचे नसते. वरच्या उतारावरचे झाड गेले तर माती खालच्या शेतात व जलाशयात येते.

या लाभाची रक्कम काढण्याचे प्रयत्नही झाले आहेत. पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये असे सुचविले, की झाडाचे मोल त्याच्या वयाच्या दर वर्षामागे ७४,५०० रुपये धरावे. या हिशेबाने ५० वर्षांच्या एका आंब्याचे मोल ३७ लाखांच्या वर जाते. या आकड्याच्या अचूकतेविषयी वाद होऊ शकतो. प्राणवायूची किंमत सिलिंडरच्या भावाने लावावी की नाही, हा अभ्यासकांचा प्रश्न आहे. पण आकडा निम्मा धरला, दहावा हिस्सा धरला, तरी एक प्रश्न उरतोच. झाडाचे मोल जर इतके असेल, तर ते जतन करणाऱ्या घरमालकाच्या पदरात त्यातले काय पडते?

याचे उत्तर सरळ आहे: काही नाही. उलट त्याच्या वाट्याला येतो तो केवळ खर्च. फांदी कौलांवर पडली तर कौले त्याची. पाला पन्हळीत अडकला तर गळती त्याच्या घरात. शेजाऱ्याच्या गोठ्यावर झाड कोसळले तर भांडण त्याच्याशी. झाडाची निगा राखायची तर मजुरी खिशातून द्यावी लागते. तेच झाड तोडले तर लाकूड वखारीत जाते आणि चार पैसे हाती येतात. म्हणजे निगा राखणाऱ्याला दंड आणि तोडणाऱ्याला बक्षीस अशी बाजाराची रचना आहे. कायदा या रचनेत आडवा येतो, पण तो केवळ मज्जावाच्या रूपाने. मज्जावाने वृत्ती बदलत नाही, पळवाटा मात्र तयार होतात. रात्रीतून झाड नाहीसे होणे, बुंध्याची साल गोलाकार काढून झाड उभ्या उभ्या वाळविणे, मुळाशी चुना किंवा औषध ओतणे, हे प्रकार ज्यांना ठाऊक नाहीत असे गाव महाराष्ट्रात विरळाच असेल.

१९६४ च्या मूळ कायद्यात दंडाची मर्यादा १ हजार रुपयांची होती. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती ५० हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला आणि त्यावर उलटसुलट चर्चा झाली. दंड वाढवावा की नाही हा वाद गौण आहे. ज्या व्यवस्थेत झाड राखण्याचे एकही प्रोत्साहन नाही, तेथे दंडाचा आकडा कितीही मोठा केला तरी त्याचा परिणाम गरिबाला धाक आणि धनिकाला एक जादा खर्च, याहून अधिक होत नाही.

तीनशे वर्षांपूर्वीचा शहाणपणा

ही दृष्टी परकी आहे, असे समजण्याचे कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी राज्यनीतीच्या ग्रंथात, आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याविषयीचा विचार आहे. आंबा, फणस यांचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असले तरी रयतेच्या झाडांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असा त्याचा आशय आहे. एखादे झाड फार जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन त्याच्या संतोषाने ते तोडावे, बलात्कार करू नये, असेही तेथे सांगितले आहे. या थोडक्या मजकुरात आजच्या चर्चेतील तीन तत्त्वे आली आहेत: झाडाच्या वयाला किंमत आहे, जीर्ण झाड आणि जोमदार झाड यांत भेद केला पाहिजे, आणि सार्वजनिक कारणासाठी खाजगी झाडावर भार टाकायचा तर मोबदला दिला पाहिजे. आजच्या कायद्याने पहिली दोन तत्त्वे कमी-अधिक प्रमाणात उचलली. तिसरे तो विसरला.

मुळशीच्या मातीला मोबदल्याचा प्रश्न नवा नाही. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी येथील जमिनी जाणार हे दिसताच १९२१ मध्ये या खोऱ्यात सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. धरण झाले, भातखाचरे बुडाली आणि त्यांच्याबरोबर आंबे-फणसांच्या राईही गेल्या. त्या वेळी लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीबरोबर उभ्या पिकांच्या व झाडांच्या नुकसानीचा विचार करण्याची तरतूद होती. २०१३ च्या नव्या कायद्यातही झाडांचे मूल्य तज्ज्ञांकडून ठरविण्याची सोय आहे. म्हणजे सरकार झाड घेते तेव्हा त्याचे मोल देण्याचे तत्त्व शंभराहून अधिक वर्षे मान्य आहे. सरकार झाड घेत नाही, फक्त ते मालकाने स्वतःच्या खर्चाने राखावे असे सांगते, तेव्हा मात्र मोबदल्याची भाषा कोणी काढत नाही.

निगा म्हणजे काय?

झाडाची निगा म्हणजे बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे ओढणे नव्हे. तिच्यामागे आता बऱ्यापैकी विकसित झालेले शास्त्र आहे. अमेरिकेच्या वनखात्यात काम करणाऱ्या अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले, की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंती उभारते, कुजका भाग कोंडून ठेवते आणि बाहेरून नवे लाकूड वाढविते. या शोधाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर कड असते. ती न दुखविता, पण खुंटही न ठेवता फांदी कापली तर झाडाला ही भिंत उभारता येते. फांदी खोडालगत खरवडून काढली किंवा हातभर खुंट ठेवला, तर कुजण्याची वाट मोकळी होते. कापलेल्या जागी डांबर फासण्याची रीतही या शास्त्राने निरुपयोगी ठरविली आहे.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी ‘छाटणी’ या नावाखाली जे चालते ते बहुधा याच्या नेमके उलट असते. झाडाचा शेंडाच उडविला जातो. त्यानंतर त्या जागी पुष्कळ कोवळे फुटवे जोमाने येतात आणि झाड सुधारले असा समज होतो. हे फुटवे खोडाच्या गाभ्याशी घट्ट जोडलेले नसतात; काही वर्षांत ते जाड व जड होतात आणि वाऱ्याने नेमके तेच मोडतात. वीजवाहिन्यांच्या बाजूच्या फांद्या तेवढ्या साफ केल्यामुळे झाडाचा सगळा भार एका अंगाला जातो, हा आणखी एक प्रकार. आज धोका टाळण्यासाठी केलेले काम पाच-दहा वर्षांनी नवा धोका निर्माण करते.

मुळांची कथा याहून वाईट आहे. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या थरात असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. मुळशी परिसरात गेल्या काही दशकांत उतार कापून बंगल्यांसाठी जागा सपाट करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. यंत्राने उताराची वरची बाजू कापली की त्या अंगाची मुळे तुटतात. खालच्या बाजूस भराव घातला की तिकडची मुळे गुदमरतात. उरलेल्या जागेत फरशी बसली की पाणी व हवा दोन्ही बंद होतात. झाड त्याच वर्षी पडत नाही, आणि हीच मेख आहे. ते आठ-दहा वर्षे तग धरते आणि एखाद्या आषाढात, माती भिजून सैल झालेली असताना, आडवे होते. तोवर यंत्र चालविणारा, ठेकेदार आणि कित्येकदा पहिला मालकही निघून गेलेला असतो. दोष मात्र झाडाच्या माथी येतो. कारण आणि परिणाम यांत असे अंतर पडले की बाजार त्याचा हिशेब ठेवू शकत नाही. तो ठेवण्यासाठी नियमच लागतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर अंतरातील सिमेंट काढण्याचा आदेश दिला, त्यामागे हेच कारण होते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून पुणे जिल्ह्याकडे सरकले, तेव्हा मावळ-मुळशीच्या पट्ट्यालाही त्याचा तडाखा बसला. सह्याद्रीच्या आडोशाने समुद्री वादळापासून सुरक्षित असल्याची येथील जुनी समजूत त्या दिवशी ढळली. अशा वाऱ्यात निरोगी झाडेही पडतात, हे खरे. पण मुळे तुटलेली, शेंडा उडविलेली आणि एका अंगाला झुकविलेली झाडे आधी पडतात, हेही तितकेच खरे.

करवत धरणारा हात

या साऱ्या चर्चेत एक माणूस नेहमी विसरला जातो. तो म्हणजे प्रत्यक्ष झाडावर चढणारा मजूर. कमरेला दोर, हातात कोयता किंवा यांत्रिक करवत, पायात चपला किंवा तेही नाही, अशा अवस्थेत तो पंधरा-वीस मीटर उंचीवर काम करतो. त्याला ना शिरस्त्राण, ना पट्टा, ना विमा. खाली पडून तो कायमचा जायबंदी झाला, तर घरमालक थोडे पैसे देऊन मोकळा होतो आणि कुटुंब उघड्यावर येते. झाडाची निगा स्वस्त आहे असे जेव्हा वाटते, तेव्हा तो स्वस्तपणा या मजुराच्या असुरक्षिततेतून आलेला असतो. त्याने जोखमीची पुरेपूर मजुरी मागितली, तर आज निघते त्या भावात एकही फांदी उतरणार नाही.

हे चित्र बदलता येते, याचे उदाहरण दूरचे नाही. केरळात नारळावर चढणाऱ्यांची संख्या रोडावू लागली, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना प्रशिक्षण देण्याची योजना सुरू केली. झाडावर चढण्याचे यंत्र, प्रशिक्षण आणि अपघात विमा अशी त्रिसूत्री तिच्यात होती. जे काम कमी प्रतिष्ठेचे मानले जात होते, ते कौशल्याचे काम म्हणून पुढे आले आणि स्त्रियांनीही ते शिकून घेतले. नारळासाठी जे घडले, ते आंबा, ऐन, वड आणि गुलमोहर यांच्यासाठी घडू नये असे काही नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तारतंत्री व जोडारी तयार होतात. तेथे वृक्षनिगेचा वर्ग निघाला, तर मुळशीसारख्या तालुक्यातील तरुणाला पुण्याच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जाण्याऐवजी गावातच एक व्यवसाय मिळू शकेल. बंगलेवाल्यांची वस्ती वाढत असलेल्या या भागात त्याला गिऱ्हाईक मिळण्याची भ्रांत पडू नये.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, प्रत्येक ग्रामपंचायतीने घरे, शाळा व रस्ते यांच्यालगतच्या मोठ्या झाडांची नोंदवही ठेवावी आणि वैशाखात त्यांची तपासणी करून घ्यावी. माले किंवा शेजारच्या गावांना प्रत्येकी एक तज्ज्ञ परवडणार नाही; पण संपूर्ण तालुक्यासाठी पौड येथे एक-दोन प्रशिक्षित माणसे नेमणे अशक्य नाही. दुसरी गोष्ट, परवानगीच्या अर्जावर केवळ ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असे उत्तर न देता तिसरा पर्याय असावा: झाड राखा, पण अमुक फांदी अमुक रीतीने उतरवा.

तिसरी गोष्ट, नकाराबरोबर जबाबदारीही यावी. इंग्लंडमध्ये संरक्षित झाडाच्या तोडीस किंवा छाटणीस परवानगी नाकारली गेली आणि त्यामुळे मालकाचे नुकसान झाले, तर विवक्षित मर्यादेत व बारा महिन्यांच्या आत त्याला स्थानिक प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. ‘नाही’ म्हणण्याची किंमत चुकवावी लागेल हे ठाऊक असले की तपासणी काळजीपूर्वक होते. चौथी गोष्ट, जो घरमालक नोंदलेले जुने झाड शास्त्रशुद्ध रीतीने राखतो, त्याला घरपट्टीत सवलत मिळावी आणि तिचा भार राज्याने ग्रामपंचायतीस भरून द्यावा. शेवटची गोष्ट, बांधकामाचा नकाशा मंजूर करताना झाडांच्या मुळांसाठी मोकळी जागा राखण्याची अट घालावी व ती जागेवर जाऊन पाहावी.

या सूचनांवर दोन आक्षेप येतील. एक असा, की तलाव दिसावा म्हणून झाडे तोडणाऱ्या बंगलेवाल्याला घरपट्टीत सूट कशाला? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सवलत झाडाच्या वयाशी व तपासणीशी बांधलेली असावी. ज्याने झाड तोडले त्याला ती मिळण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ज्याच्याजवळ एक जुने घर आणि एक जुना आंबा आहे, अशा गावकऱ्याला या व्यवस्थेची गरज सर्वांत अधिक आहे. बंगलेवाला शहरातून माणूस आणवू शकतो. गावकऱ्यापुढे मात्र वखारवाला आणि नशीब हेच दोन पर्याय असतात. दुसरा आक्षेप असा, की सरकारकडे पैसा कोठे आहे? याचे उत्तर सरकारच्याच हिशेबात सापडते. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याचे संकल्प जाहीर झाले. रोप लावण्यास पैसा मिळतो, समारंभ होतो, छायाचित्र छापून येते. साठ वर्षांच्या झाडाची एक फांदी नीट कापण्यात कसला समारंभ? पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर उभे असलेले जुने झाड हे परिपक्व झालेले भांडवल आहे आणि रोप ही केवळ ठेवीची पहिली पावती. पावत्या गोळा करीत राहायचे आणि हातचे भांडवल वाळवीला सोडून द्यायचे, याला काटकसर म्हणत नाहीत.

अर्थात काही झाडे तोडावीच लागतील. बुंधा पोखरलेले, मुळे उखडलेले, शाळेच्या छपरावर झुकलेले झाड केवळ ते झाड आहे म्हणून राखणे ही वृक्षप्रीती नव्हे, तो दुराग्रह झाला. झाडही म्हातारे होते आणि मरते. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याला सुरक्षितपणे खाली घेणे आणि त्याच्या जागी नव्या झाडाची तरतूद करणे, हाही निगेचाच भाग आहे. प्रश्न इतकाच आहे, की हा निर्णय ज्ञानाने व्हावा की भीतीने, आणि त्याचा भार एकट्या घरमालकाने व बेविमा मजुराने वाहावा की ज्या समाजाला त्या झाडाची सावली मिळाली त्यानेही त्याचा वाटा उचलावा.

मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही. माले गावातील ओणवा आंबा या वर्षी उभा राहिला, तर तो नशिबाने राहिला असे म्हणावे लागेल. पुढच्या वर्षी तो कोणी तरी पाहून, जोखून, निगा राखून उभा ठेवला, असे म्हणता आले पाहिजे.